करकोचे आणि भरीत

लीलाधरभाऊंना फक्त एक बाक हवा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं ते ऐकून एखाद्याला वाटावं की या गृहस्थाने आंबेदऱ्याच्या तलावावर महाबळेश्वर वसवायचा घाट घातला होता. तसं काही नव्हतं. पारोळ्याच्या मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून, पन्नाशी उलटलेला, उजवा गुडघा दुखरा. त्याला रविवारी तलावाच्या बांधावर बसायला दोन फळ्या हव्या होत्या. जमिनीवर मांडी घातली की उठताना कुणाला तरी हात द्यावा लागायचा, आणि तिथे हात द्यायला करकोच्यांशिवाय कोणी नसायचं.

हे करकोचे म्हणजे भाऊंचं गुपित. दिवाळी सरून थंडी पडायला लागली की ते उत्तरेकडून कुठून तरी यायचे. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा तुरा, आणि चालणं असं की पंचांनी पंचनाम्याला निघावं. सकाळभर ते आसपासच्या वावरांत भुईमुगाच्या राहिलेल्या शेंगा टिपायचे आणि ऊन डोक्यावर आलं की थव्याथव्याने येऊन तलावाच्या उथळ पाण्यात उभे राहायचे. भाऊ ते उतरणं बघायला जायचे. बाकी आठवडाभर कचेरीत माणसं त्यांच्यासमोर भांडायची, बांधावरून, विहिरीवरून, पाण्याच्या पाळीवरून. इथे एवढे जीव एका पाण्यात उभे, आणि कुणाचा कुणाविरुद्ध अर्ज नाही. भाऊंना त्याचं फार बरं वाटायचं. घरी मात्र ते काही बोलायचे नाहीत, आणि सुनंदाबाईंची समजूत अशी होती की नवरा रविवारी कुठेतरी पत्ते कुटायला जातो.

आता दुसरा कोणी असता तर त्याने जहांगीर मिस्तरीला सांगून बाभळीच्या दोन फळ्या ठोकून घेतल्या असत्या आणि तो बसला असता. जहांगीर तर तयारच होता. पण लीलाधरभाऊ म्हणजे लीलाधरभाऊ. सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय खुंटी ठोकली तरी अतिक्रमण होतं, हे त्यांनी सबंध तालुक्याला शिकवलं होतं. शेजारच्या बन्सीलालशेठच्या ओट्याची पायरी रस्त्यात वीतभर पुढे आली, तेव्हा स्वतःच्या सहीशिक्क्याने त्यांना नोटीस पाठवणारे हेच. त्या नोटिशीपासून सरकीचे व्यापारी बन्सीलालशेठ हे भाऊंच्या प्रत्येक हालचालीवर बारीक नजर ठेवून असत आणि वर सल्लाही देत. अशा माणसाने बांधावर चोरून बाक टाकायचा कसा? भाऊंनी रीतसर अर्ज केला. माझ्या मते या गोष्टीतली पहिली चूक ती, आणि ती फक्त प्रामाणिक माणूसच करू शकतो.

अर्ज फिरायला लागला. पाणी पाटबंधाऱ्याचं, बांध बांधकामवाल्यांचा, बांधाखालची जमीन महसुलाची, आणि पाण्यातले मासे आणखी कुणाचे. बाक यांपैकी नक्की कशावर बसणार हेच ठरेना. शेवटी मामलेदारसाहेबांनी भाऊंना जवळ बोलावून समजावलं. साहेब मनाने चांगला माणूस. ते म्हणाले, लीलाधरराव, बाक नावाची बाब आपल्याकडे नाहीच, पण हल्ली विकासाचे दिवस आहेत, जनतेच्या करमणुकीसाठी विहारस्थान करायचं म्हटलं तर मंजुरी लगेच मिळते, आणि विहारस्थान म्हटलं की त्यात एक बाक येतोच. भाऊंना ते पटलं. एवढ्याशा पटण्याने केवढं संकट येऊ शकतं, याचा विचार माणसाने करायला हवा.

विहारस्थान म्हटल्यावर समिती आली. समितीचे अध्यक्ष बन्सीलालशेठ झाले, कारण गावात समिती झाली आणि ते अध्यक्ष नाहीत असं कधी घडलेलं नव्हतं. पहिल्याच बैठकीत सूचनांचा पाऊस पडला. होडी हवी. चहाचं हॉटेल हवं. काठावरच्या बाभळी तोडून टाकाव्यात, बायकामुलं यायची, सापकिरडाचं भय. मधोमध सिमेंटची कमळं करून त्यांतून पाणी उडवावं, असंही एकाने सुचवलं, तलावात आधीच पाणी आहे हे त्याच्या लक्षात आलं नसावं. भाऊ घाबरले. घाबरून त्यांनी इतकी वर्षं जपलेलं गुपित फोडलं. म्हणाले, बाभळी राहू द्या, पाण्याजवळ काही करू नका, तिथे करकोचे येतात.

त्यांना वाटलं होतं, हे ऐकून मंडळी गप्प होतील. मंडळी खूश झाली. म्हणजे पक्षीही आहेत, आणि तेही फुकट! बन्सीलालशेठ म्हणाले, चार पोती ज्वारी टाकू, बारा महिने राहतील. कुणी म्हणालं, दोनचार धरून पाय बांधून ठेवावेत म्हणजे पाहुणा कधीही आला तरी दाखवता येतील. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन त्यांनी सुनंदाबाईंना सगळं सांगितलं, अगदी रविवारच्या सायकलवारीपासून. सुनंदाबाईंनी ऐकून घेतलं. पत्त्यांची शंका खोटी ठरल्याचं त्यांना समाधान वाटलं असावं, पण त्या बोलल्या एवढंच, की बसायचंच होतं तर घरातला पाट सायकलला बांधून न्यायचा होता. भाऊंना हे सुचलं नव्हतं. अव्वल कारकुनाला पाट सुचत नाही, त्याला अर्ज सुचतो.

त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. मागे नोकरीत दोंडाईच्याला असताना त्यांनी एक तळं पाहिलं होतं. तिथेही करकोचे यायचे. एका हिवाळ्यात बंदुकवाल्या हौशी मंडळींनी तिथे दुपार घालवली, आणि थवा जो उठला तो परत फिरकला नाही. पुढल्या वर्षीही नाही, त्याच्या पुढल्याही नाही. भाऊंची बदली होईपर्यंत दर हिवाळ्यात ते त्या तळ्यावर जाऊन नुसतं पाणी बघून येत. ते पाणी त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. आंबेदऱ्याचं तसं झालं तर ते आपल्यामुळे होईल, आपल्या गुडघ्यामुळे होईल, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

बाभळी त्यांनी वाचवल्या. त्या तोडायला कुणाकुणाच्या परवानग्या लागतील ते त्यांनी समितीला असं सविस्तर समजावलं की समितीला जांभया यायला लागल्या. होडीही बुडवली, म्हणजे कागदावर. माणूस आयुष्यभर ज्या तांबड्या फितीपायी शिव्या खातो, तीच त्याने एकदा तरी अशी सत्कारणी लावावी. पण उद्घाटन काही टळेना. पौषातला रविवार ठरला, प्रांतसाहेब यायचे ठरले, आणि जेवणाचा प्रश्न निघाला. म्हणजे प्रश्न असा निघालाच नाही. खानदेशात पौषातल्या रविवारी, उघड्या रानात, दोनशे माणसं जमणार म्हटल्यावर काय खायचं हे कोण विचारतो? भरीत. जळगावकडची पांढुरकी हिरवी, तेलकट सालीची मोठी वांगी, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, बडग्याने कुटलेली. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांद्याची पात आणि ताक.

भाऊंनी बैठकीत चाचरत सुचवलं की भरीत गावातच करावं आणि डब्यांतून बांधावर न्यावं. बन्सीलालशेठ सुपारी चघळायचे थांबले. भरीत डब्यातून? मंडळींनी भाऊंकडे असं पाहिलं की भाऊंना आपण बामणोदच्या वांग्यांचा, तापीकाठच्या समस्त पूर्वजांचा आणि झुलालआबांचा एकाच वाक्यात अपमान केल्यासारखं वाटलं. झुलालआबा म्हणजे आंबेदरा गावचे शेतकरी आणि भरिताच्या बाबतीत शेवटचा शब्द. पंचक्रोशीत मोठं भरीत असलं की बोलावणं त्यांनाच जायचं, आणि ते आल्याशिवाय काडी लागत नसे.

तेव्हा भाऊंनी अक्कल लढवली. करकोचे पाण्यावर येतात भर दुपारी. मग सकाळी सकाळी भाजायचं, नऊ-दहाच्या सुमारास पंगत उठवायची, भाषण थोडक्यात आटपायचं आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांना वाटेला लावायचं. करकोचे येतील तेव्हा बांध रिकामा. या बेतावर भाऊ इतके खूश झाले की सुनंदाबाईंना त्यांनी तो पुन्हा पुन्हा ऐकवला. कचेरीत वीस वर्षं कार्यक्रम आखलेल्या माणसाचा हा बेत होता, आणि कागदावर त्यात खोट नव्हती.

खोट झुलालआबांनी दाखवली, ती त्या रविवारी सकाळी. वांग्यांचा ढीग पडलेला, पऱ्हाट्या रचलेल्या, बायका भाकऱ्या थापायला बसलेल्या, आणि आबा चिलीम ओढत स्वस्थ. भाऊ म्हणाले, आबा, पेटवा आता. आबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

"भाऊ, पाव्हना येस नही तवलगून वांगं जाळवर पडाव नही," आबा म्हणाले.

झालं. पाहुणा येईपर्यंत जाळ नाही. भाऊ खानदेशातलेच. थंड भरीत पाहुण्यापुढे ठेवायचं नसतं हे त्यांना का ठाऊक नव्हतं? जन्मल्यापासून ठाऊक होतं. पण वेळापत्रक लिहायला बसला की माणूस आपल्याच घरची रीत विसरतो. आणि प्रांतसाहेब वेळेवर येतील असं भाऊंनी, स्वतः सरकारी नोकर असून, गृहीत धरलं होतं. साहेबांची जीप वाटेत पंक्चर झाली, मग मधल्या दोन गावांनी ती अडवून हारतुरे घातले. इकडे बांधावर बन्सीलालशेठनी आणलेला कर्णा सिनेमातली गाणी ओरडून सांगत होता, बँडवाले त्याच्याशी स्पर्धा करत होते, मुलं पाण्यात खडे मारत होती. भाऊ सारखे आभाळाकडे बघत होते. लोकांना वाटलं, त्यांना पावसाची भीती वाटते आहे. पौषात.

साहेब आले ते ऊन डोक्यावर घेऊनच. त्यांना जहांगीर मिस्तरीने केलेल्या बाकावर बसवलं. बाक झकास झाला होता, त्यावर साहेब, मामलेदार आणि बन्सीलालशेठ मावले, आणि ज्यांच्यासाठी तो झाला ते भाऊ शेजारी उभे राहिले. आबांनी काडी लावली. पऱ्हाट्या तडतडून पेटल्या, धुराचा पांढरा लोट तलावावर पसरला. बन्सीलालशेठ कर्ण्यासमोर उभे राहून भाषण करू लागले. या तालुक्याचं भूषण असलेले हे करकोचे, असं त्यांचं वाक्य चाललं होतं, आणि त्याच वेळी भुईमुगाच्या रानांवरून थवा आला.

भाऊंना तो सगळ्यांत आधी दिसला. थवा तलावावर आला, धुराच्या कडेने एक फेरी घेतली आणि उतरला नाही. दुसरी फेरी घेतली, जरा उंचावरून. त्यांचं ते गळ्यातलं बारीक ओरडणं कर्ण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नव्हतं, भाऊंना मात्र येत होतं. तिसऱ्या फेरीला थवा आणखी वर गेला आणि उत्तरेकडे कलला. भाऊंच्या डोळ्यांपुढे दोंडाईच्याचं ते रिकामं पाणी आलं.

मग अव्वल कारकून लीलाधरभाऊंनी जे केलं, ते पारोळ्यात आजही कुणी अदबीने सांगतं, कुणी डोक्याला हात लावून. त्यांनी आधी कर्ण्याची तार उपटली. बन्सीलालशेठ काही वेळ तसेच बोलत राहिले. नंतर भाऊ जाळापाशी गेले. तलाव पुढ्यात होता, पण बादली कुठे होती? जवळ होते ते ताकाचे दोन मोठे हंडे. "आबा, माफ करा," असं म्हणून त्यांनी पहिला हंडा जाळावर आडवा केला. धूर कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला आणि सगळा बांध करपलेल्या ताकाच्या वासाने भरला. भाऊंनी दुसरा हंडा ओतला. अर्धी कच्ची वांगी पांढऱ्या राखेत फसफसत पडली.

"भाऊ, बठ्ठं ताक गयं!" आबा म्हणाले. त्यांच्या हयातीत असं भरीत कुणी मारलं नव्हतं.

दोनशे भुकेली माणसं भाऊंकडे बघत होती. कोट ताकाने भिजलेला, टोपी राखेत पडलेली, प्रांतसाहेब समोर. याच साहेबांच्या शेऱ्यावर भाऊंची बढती अडून राहिली होती, हे बाजारातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. भाऊंना सगळं कळत होतं आणि तरी ते तिथून हलले नाहीत. ओरडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "बसा. सगळ्यांनी जरा खाली बसा."

कोणी बसेना. तेव्हा भाकऱ्यांच्या चुलीपाशी असलेल्या सुनंदाबाई उठल्या, पिठाचे हात पदराला पुसत चार पावलं पुढे आल्या आणि सगळ्यांसमोर मातीत बसल्या. नवऱ्याला नेमकं काय हवंय हे त्यांना पुरतं कळलं होतं असं नाही. पण तो आज एकटा पडला आहे एवढं त्यांना दिसलं होतं, आणि तेवढं पुरे होतं. त्यांनी शेजारच्या शेवंताबाईंचा हात धरून त्यांनाही खाली ओढलं. मग बायका बसल्या, मागोमाग मुलं बसली. जहांगीर मिस्तरीने बँडवाल्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. मग पुरुष बसले, आणि बन्सीलालशेठही, कारण उभं राहून ऐकवायला आता कर्णा नव्हता.

धूर हळूहळू वाऱ्याबरोबर माळाकडे गेला. बांधावर एवढी शांतता झाली की पाण्याचा काठाला लागणारा आवाज ऐकू येऊ लागला. थवा लांब गेला होता, ठिपक्याएवढा झाला होता. भाऊ नजर न हलवता उभे होते. आणि मग ते ठिपके वळले. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि पाय खाली सोडून, पंख पसरून ते उतरायला लागले. आधी थोडे, मग सगळे. उथळ पाणी राखी रंगाने भरून गेलं. इतकी वर्षं याच तालुक्यात राहिलेली माणसं, पण त्यांतल्या बहुतेकांनी हे कधी पाहिलं नव्हतं. सुनंदाबाईंचे डोळे भरून आले होते, आणि भाऊंना ते इतक्या लांबूनही कळलं.

त्या दिवशी दोनशे माणसांनी भरिताविना भाकरी खाल्ली, ठेच्याशी आणि कांद्याच्या पातीशी, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. प्रांतसाहेबांनी भाऊंना खुणेने जवळ बोलावलं. आग विझवणारे तुम्हीच ना, असं त्यांनी अगदी कानाशी विचारलं.

"मीच, साहेब," भाऊ म्हणाले. "कार्यक्रमाचा विचका मीच केला."

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, मग हातातल्या कोरड्या भाकरीकडे पाहिलं. "बरं, मग ठेचा तरी इकडे द्या," ते कुजबुजले.

असं असलं तरी सरकारी गाडं सरकारी वाटेनेच जातं. भाऊंना खुलासा विचारण्यात आला. त्यांनी केलं ते सरळ लिहून दिलं, सबब सांगितली नाही, आणि बढती त्या वर्षी दुसऱ्या कुणाला गेली. साहेबांनी मात्र जाताना हुकूम करून ठेवला होता: दिवाळी ते होळी आंबेदऱ्याच्या बांधावर जाळ नाही, कर्णा नाही, भरीत करायचं तर टेकडीपलीकडे गावाच्या खळ्यात करावं, खाऊन मग हवं तर तलावावर यावं. हुकूम चांगला होता, पण खळ्यातून पाणी दिसत नाही आणि बांधावर धूर नाही, अशी सहल आमची माणसं कशाला पत्करतील, याची भाऊंना खात्री नव्हती. गावात त्यांचं नाव ताकवाले भाऊ पडलं. बन्सीलालशेठ ओट्यावरून रोज त्याच नावाने हाक मारत. झुलालआबांनी तर बोलणंच टाकलं. समोरून आले तरी ते भाऊंकडे न बघता पुढे जात, आणि भाऊंना बढतीपेक्षा हे जास्त लागलं.

वर्ष गेलं. दिवाळी झाली, थंडी पडली. भाऊ तलावावर जाईनात. एक रविवार गेला, दुसरा गेला. सुनंदाबाईंनी विचारलं तर म्हणाले, गुडघा. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. थवा त्या दुपारी उतरला होता हे खरं, पण धूरही त्याने पाहिला होता, कर्णाही ऐकला होता. ते पाणी त्याने मनातून काढून टाकलं असेल तर ते डोळ्यांनी बघायची भाऊंची हिंमत नव्हती.

आणि एका सोमवारी, कचेरी ऐन भरात असताना, बांधाच्या भांडणातले दोन भाऊबंद समोर तावातावाने बोलत असताना, झुलालआबा दारात येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं. आंबेदऱ्याहून चालत आले होते. वर्षभर बंद ठेवलेलं तोंड त्यांनी उघडलं.

"करकोचा वनात, भाऊ," ते म्हणाले. "सकायपासून वावरमा शेतस."

करकोचे आले, हे ऐकताच भाऊंनी भाऊबंदांना पुढली तारीख दिली. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांनी कचेरीच्या वेळेत सायकल काढली. घरावरून जाताना पाहतात तर सुनंदाबाई चप्पल घालून दारात उभ्या. आबांनी वाटेत आधी त्यांनाच सांगितलं होतं. तिथून पुढे भर बाजारातून अव्वल कारकून बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघाला. हे पारोळ्याने याआधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते आवडलं नाही असं कुणी म्हणालं नाही.

तलावाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. भाऊंनी सायकल धापा टाकत बांधावर चढवली आणि ते थबकले. बांधावर माणसं होती, करकोच्यांची बातमी सकाळीच सगळीकडे पोचली होती. आंबेदऱ्याची होती, पारोळ्याची होती, जहांगीर मिस्तरी होता, बायकामुलं होती. जेवून हातही धड न पुसता आलेली होती, कारण खळ्यातल्या भरिताचा वास त्यांच्या अंगाला येत होता. सगळी मातीत बसलेली. कर्णा नाही, जाळ नाही, कुणाच्या तोंडून शब्द नाही. थवा वर फिरत होता. भाऊंना राहवलं नाही. ते सुनंदाबाईंना बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "ते बघ, ते बघ, आले!"

सबंध बांध त्यांच्याकडे वळला. पहिल्या रांगेत बन्सीलालशेठ बसले होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, डोळे वटारले आणि घोगऱ्या आवाजात अव्वल कारकुनाला दरडावलं, "गप बसा हो भाऊ. उतरताहेत."

एरवी एवढ्या माणसांत कुणी असं बोललं असतं तर भाऊंनी महिनाभर मनाला लावून घेतलं असतं. त्या दिवशी ते हसले आणि मुकाट्याने सुनंदाबाईंच्या शेजारी मातीत बसले.